घरच्या वर्कशॉपसाठी जुना टेबल सॉ: माझा अनुभव

नवा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी करवत, खिशाला परवडत नव्हता. पॉवर कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली आवळायचा आणि त्याचा स्विच टेपने दाबून ठेवायचा, हा आपल्याकडचा सर्रास चालणारा जुगाड मला करायचा नव्हता. बोटं अजून लागणार आहेत. मग सेकंडहँडच्या जाहिराती बघायला लागलो.

धायरीत एक फर्निचरवाला धंदा आवरत होता. त्याच्याकडे बिडाचं भारदस्त टेबल होतं, खाली पट्ट्यावर चालणारी तीन एचपीची मोटर. मिस्त्री म्हणाले, "साहेब, सागवान लोण्यासारखं कापतं." खोटं नव्हतं ते. वजनामुळे थरथर जवळजवळ नाही, आवाजही खालच्या पट्टीतला. मोटर थ्री फेज होती, पण ती बदलून सिंगल फेज बसवता आली असती. मी नाही म्हटलं ते दुसऱ्याच कारणाने. फेन्स म्हणून, म्हणजे लाकूड टेकवून सरळ सरकवायचा आधार म्हणून, लोखंडी अँगल होता, दोन्ही टोकांना शिकंजे लावून बसवलेला. आणि पात्यामागे राइव्हिंग नाइफ ही उभी पट्टी नव्हतीच, बसवायला जागाही नव्हती.

ही पट्टी मी इतकी मनावर का घेतली, ते सांगतो. पात्याचे मागचे दात टेबलातून वर येत असतात. लाकडात ताण असेल तर कापताना चीर मिटते, लाकूड पात्याला चिमटा घेतं, मागचे दात ते उचलतात आणि थेट आपल्या पोटावर फेकतात. राइव्हिंग नाइफ पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा बारीक असते, पात्याबरोबरच वरखाली होते आणि चीर मिटू देत नाही. मशीन कितीही दणकट असलं तरी याला दुसरा इलाज मला दिसत नाही.

कोथरूडला एका मुलाकडे छोटा पोर्टेबल सॉ होता, दिसायला नवाकोरा. प्लग काढायला लावला, पातं पूर्ण वर घेतलं आणि एका दातावर मार्करने खूण केली. गुण्या मायटरच्या खाचेला (टेबलावरची, पात्याला समांतर असायला हवी ती खाच) टेकवून त्याची पट्टी त्या दाताला जेमतेम लागेल अशी पक्की केली. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला नि तिथे गुण्या लावला. दात तोच ठेवायचा, म्हणजे पातं वाकडं असलं तरी माप फसवत नाही. मागच्या फटीत झेरॉक्सचे चार कागद आरामात गेले. एक कागद साधारण 0.1 मिमी धरला, तर पातं 0.4 मिमी तिरकं. एवढ्यात प्लायची कड करपते. "काका, एवढं कोण बघतं?" तो मुलगा म्हणाला. जुळवून घेता आलं असतं, पण खालच्या बोल्टांची डोकी आधीच कुणीतरी पाना मारून गोल केली होती. शिवाय फेन्स पुढून आवळली तरी तिचं मागचं टोक बोटाने हलत होतं.

शेवटी पिंपरीत डीवॉल्टचा डीडब्ल्यू 745 मिळाला. याच्या फेन्सला दोन्ही बाजूंना दात्यांची पट्टी आहे; एक नॉब फिरवला की पुढचं आणि मागचं टोक एकदमच सरकतं. तीच कागदाची परीक्षा घेतली, एक कागद जेमतेम अडकला. पातं धरून डावी-उजवीकडे हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. राइव्हिंग नाइफ आणि पात्यावरचं गार्ड दोन्ही जागेवर. जुन्या मशीनला हे बहुधा माळ्यावर हरवलेलं असतं. घासाघीस फारशी केली नाही.

युनिव्हर्सल मोटर (मिक्सरमध्ये असते तशी) असल्याने आवाज कर्कश आहे, त्यामुळे दुपारी एक ते चार मशीन बंद. आणि आठ बाय चारचा अख्खा शीट यावर चढवण्याच्या फंदात मी पडत नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय घेतो तिथेच उभे काप मारून घेतो, मापापेक्षा पाच-सहा मिमी जास्त ठेवून. नेमकी साईज घरी येऊन काढतो.