जुन्या झेनची वर-खाली होणारी रेस आणि चढावरचे मिसिंग : माझा अनुभव

आमची मारुती झेन २००१ सालची आहे. तिचे ९९३ सीसीचे चार सिलिंडरचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन गेल्या पावसाळ्यापर्यंत तक्रारीविना चालत होते. त्यानंतर मात्र कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की रेस, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग, आपोआप चढायची, धाडकन पडायची आणि पुन्हा चढायची. त्याच सुमारास वाघबिळाहून पन्हाळ्याकडे चढताना ती मिसिंग करू लागली, म्हणजे मधेच ठिणगी चुकून झटके देऊ लागली.

दोन्ही तक्रारी एकदम आल्यामुळे त्यांचे कारणही एकच असणार, असे धरून एका गॅरेजने आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (उभ्या गाडीची रेस सांभाळणारा) आणि तेवढ्याने न भागल्यास ईसीएमही (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलण्याचा सल्ला दिला. कोणतीही तपासणी न करता सांगितलेला हा खर्च मला पटला नाही, म्हणून मी गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी रेस केव्हा हलते, झटके केव्हा बसतात, पाऊस असताना ते वाढतात का, असे बारकाईने विचारून घेतले आणि मग म्हणाले, "सायेब, ही दोन दुखणी हैत. आदी हवा कुठनं ओढतीय ते बघूया."

उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम जोरात ओढत असतो. अशा वेळी एखाद्या चिरेतून आत शिरलेली थोडीशी हवाही इंजिनला फार ठरते, तर थ्रॉटल उघडून गाडी पळत असताना तेवढ्या हवेने काही बिघडत नाही. शिवाय हे इंजिन हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज बांधते. चोरवाटेने आलेल्या हवेने दाब वाढला की ईसीएम पेट्रोलही वाढवतो आणि रेस चढते. ती एका मर्यादेपुढे गेली की थ्रॉटल बंद असल्याने ईसीएम पेट्रोल तोडतो, रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि तेच चक्र चालू राहते.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे पाइप पकडीने एकेक करून हलकेच दाबले. ब्रेक बूस्टरच्या पाइपने काहीच फरक पडला नाही, पण पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे सोडणारा) पाइप मॅनिफोल्डजवळ दाबताच रेस जागेवर बसली. पाइप वरून धडधाकट दिसत होता. काढून वाकवल्यावर मात्र खालच्या बाजूला, नेमकी वळणावर, नखभर लांब चीर उघडली. रबर तापून मऊ झाले की ती फाकत असणार, कारण सकाळी थंड इंजिनावर हा त्रास जाणवत नसे. काही जण गळती शोधायला मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते पेट घेऊ शकते, म्हणून मला पाइप दाबून पाहण्याची रीतच सुरक्षित वाटते.

नवा पाइप बसवून थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर उभ्या गाडीचा त्रास संपला, पण चढावरचे झटके तसेच राहिले आणि मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरले. चढावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि एचटी लीडचे (प्लगपर्यंत जास्त व्होल्टेज नेणाऱ्या वायरचे) इन्सुलेशन कमकुवत असेल तर करंट जवळच्या धातूकडे उडी मारतो. दमट हवेत तर हे अधिकच घडते. शटर ओढून अंधार केला, लीडवर पाण्याचा बारीक फवारा मारला, हात लांब ठेवून रेस दिली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या लीडपाशी बारीक निळसर ठिणग्या तडतडताना स्पष्ट दिसल्या. चारही लीड आणि प्लग एकदमच बदलले.

त्यानंतर भर पावसात, एसी चालू ठेवून आणि चार माणसे बसवून मी गाडी पन्हाळ्यावर नेली. चढावर तिने एकही झटका दिला नाही आणि वर थांबल्यावर रेसही स्थिर राहिली. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि ईसीएम अजून मूळचेच आहेत.