पेपरांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत वाचन

महिनाअखेरीला हजेरीपट पुरा झाला की मी पुढच्या महिन्याची वाचनाची यादी काढते. स्टाफरूममध्ये यावरून चेष्टा ठरलेली. "मागच्या महिन्याची संपली का?" कुणी ना कुणी विचारतंच. नाही संपलेली, आणि त्याचं मला आता काही वाटत नाही.

पूर्वी यादी म्हणजे नुसता आकडा असायचा. महिन्याला इतकी पुस्तकं, बस. कागदावर तो हिशेब अगदी बरोबर येतो. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले. इंग्रजीतलं कथेतर लेखन प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो, असं त्यातून निघालं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतो, म्हणून तो आकडा मी तसाच उचलत नाही. दीडशे धरते. पानावर तीनशे शब्द असतील तर एका पानाला दोन मिनिटं. अडीचशे पानांचं पुस्तक पाचशे मिनिटांत संपतं. रोज वीस मिनिटं वाचलं तर पंचवीस दिवस. झालं की महिन्याला एक पुस्तक, तेही रविवार सोडून!

घोळ त्या वीस मिनिटांत आहे. सकाळची वीस मिनिटं आणि नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा केल्यानंतरची वीस मिनिटं घड्याळात सारखी दिसतात, एवढंच. पेपर तपासून उठलेली नजर वाचत नाही, चुका शोधते. परवा एका चांगल्या कथासंग्रहात मला तीन पानांत दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या आणि कथेतला भाऊ घर सोडून का गेला ते काही कळलं नाही. हातात लाल पेन नव्हतं म्हणून पुस्तक वाचलं. लेखकाला अर्धा गुण द्यावा की एक, इथपर्यंत विचार पोचला होता. तपासणीच्या दिवसांत नवी कादंबरी सुरू करायची नाही, हे मी तेव्हापासून ठरवून टाकलंय.

आता महिन्याची आखणी पुस्तकांवरून करत नाही, शाळेच्या वेळापत्रकावरून करते. चाचणी कधी, गुण कधी भरायचे, पालकसभा कधी, हे आधी मांडायचं. मग उरलेल्या जागांत काय बसतं ते पाहायचं. मोकळा आठवडा असेल तर मोठं, सलग वाचायचं पुस्तक. तपासणीच्या आठवड्यात कविता, तीही मोठ्याने. मोठ्याने वाचताना नजरेला चुका शोधायची सवड मिळत नाही, कान पुढे होतो. गुण भरायच्या दिवसांत ऑडिओबुक, पण घरी जाताना. गुण भरता भरता ऐकायचा प्रयोग कुणी करू नये. कथेतल्या पात्रांची वयं गुणांच्या रकान्यात जाऊन बसतात!

ऑफ तासावर मात्र मी काहीच ठेवत नाही. तो आपला नसतोच. कुणी रजेवर गेलं की बदली तास ठरलेला, आणि हातात उघडं पुस्तक दिसलं की "तुम्ही मोकळ्याच आहात ना" हे वाक्य येतंच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चिठ्ठीचा. पुस्तक आठ-दहा दिवस बंद राहिलं की कोण कुणाचं कोण ते आठवत नाही, मग पन्नास पानं मागे जायचं, आणि तिथेच कंटाळून सोडून द्यायचं. हेर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर तो वेग मंदावतो, हे त्याने दाखवलं. त्याने निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या, कादंबरीचं विसरणं इतकं सरळ नसणार. तरी पहिल्या एक-दोन दिवसांतली गळती मला ओळखीची वाटते. म्हणून पुस्तक मिटताना तिथल्या तिथे एक चिठ्ठी: 'थोरलीला पत्र सापडलंय, धाकटीला माहीत नाही. वकील खोटं बोलतोय असं मला वाटतं.' एवढंच. माझा अंदाजही लिहिते, कारण पुढे तो खरा ठरतो की नाही या उत्सुकतेपोटीच पुस्तक पुन्हा उघडलं जातं.

पुस्तकं निवडण्यातला वेळ ग्रंथपालांनी वाचवला. एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणित शिकवत. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. स्वतः शिक्षकी केलेल्या माणसाला हे सुचलं याचं मला मुळीच नवल वाटत नाही. आमच्या ग्रंथपालांना मी महिन्याच्या सुरुवातीला एवढंच सांगते की या वेळी दोनशे पानांच्या आतलं, दमलेल्या माणसाला झेपेल असं द्या. बाकी ते पाहतात. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा असतो.

अर्धवट सोडायलाही आता मन खात नाही. पन्नास पानांत पकड आली नाही तर परत. विषयाच्या पुस्तकांना ही सवलत नाही, ती मी हवी तिथून उघडते. पाचवं प्रकरण उद्याच्या तासाला कामाचं असेल तर पहिली चार राहिली तरी चालतं. वाचनात तेवढीही शिस्त नको का, असं एक सहकारी म्हणतात. त्यांची पुस्तकं पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेलेली मी पाहिलेली नाहीत.

पुढच्या महिन्यात सत्र परीक्षा आहे, म्हणजे पहिले दोन आठवडे माझे, नंतरचे गठ्ठ्यांचे. सुरुवातीला विज्ञानाच्या इतिहासावरचं एक पुस्तक घेतलंय, त्यातलं हवामानाचं प्रकरण सातवीला लागेल. मग कविता. सहाशे पानांची कादंबरी सुट्टी लागेपर्यंत कपाटात. या सगळ्याच्या आधी आठवीतल्या एका मुलीने हातात कोंबलेली रहस्यकथा आहे. ती सोमवारी परत द्यायची आहे, आणि "बाई, खुनी कळला का?" म्हणून ती रोज मधल्या सुट्टीत दारात हजर असते. माझा संशय अजून डॉक्टरवरच आहे. चिठ्ठीत तसं लिहून ठेवलंय.