बाईंचं इंग्रजी

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे बाई उभ्या राहिल्या. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे आमच्या पिढीतल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. गॅदरिंगबद्दल, मैदानाबद्दल, सहलींबद्दल बाकीचे लिहितीलच. मी बाईंबद्दल आणि त्यांच्या इंग्रजीबद्दल लिहितो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे जे कानावर पडलं ते बाईंच्या तोंडून. त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती. पोरांना मराठी येतं, तेव्हा त्याच्याच आधाराने पुढे न्यायचं. फळ्याच्या डाव्या अंगाला त्या लिहायच्या, 'रामाने आंबा खाल्ला. रामाने पोळी खाल्ली. सीतेने आंबा खाल्ला.' मग वळून विचारायच्या, "क्रियापद कुणाच्या मागे गेलं रे?" आंब्याच्या आणि पोळीच्या, हे आम्हाला लगेच दिसायचं. उजवीकडे तीच वाक्यं इंग्रजीत. तिथे 'एट' जागचं हलत नाही. "इंग्रजीत क्रियापद कर्माकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही," बाई म्हणायच्या. वर्तमानकाळात ही, शी, इट आले की एस लागतो, आणि प्रश्नात 'डझ' आला की तो एस 'डझ'कडे जातो, हेही असंच फळ्यावर समोरासमोर मांडून शिकवलं. कर्ता, कर्म, क्रियापद ओळखता येणं म्हणजे काय, ते मला मराठीच्या नव्हे, इंग्रजीच्या तासाला कळलं.

उच्चारांचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच 'व' लावतो. आठवीत एके दिवशी बाई घरून हातातला छोटा आरसा घेऊन आल्या. "व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत. डब्ल्यूला शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करा, दात कुठेही लागता कामा नयेत." आरसा बाकाबाकावरून फिरू लागला. प्रत्येकाने आरशात बघून आधी 'व्हेस्ट', मग 'वेस्ट' म्हणायचं. श्वासाने काच धुरकट व्हायची, बाई ती पदराने पुसायच्या आणि पुढच्याच्या हातात द्यायच्या. शेवटच्या बाकावरची पोरं एरवी तासाला तोंड उघडत नसत, तीही आरसा डोळ्यांजवळ धरून 'व्हेस्ट, वेस्ट' करत होती. घंटा झाली, मधल्या सुट्टीला कुणी उठलं नाही. सगळ्यांचं झाल्यावरच बाईंनी आरसा पिशवीत ठेवला.

भूतकाळाच्या 'ईडी'साठी गळ्यावर बोटं ठेवायला लावायच्या. 'वॉक'च्या शेवटी घसा थरथरत नाही, म्हणून 'वॉक्ट'. 'प्ले'च्या शेवटी थरथरतो, म्हणून 'प्लेड'. मुळातच शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड', जसं 'वाँटिड'. स्पेलिंग काहीही असो, कानाने ऐका. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. रात्री नऊच्या आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकून पाच नवे शब्द वहीत लिहून आणायचे, हा रोजचा गृहपाठ.

आज मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. भारतात नोंदलेल्या विमानाच्या नोंदणीची सुरुवात 'व्हीटी'ने होते. रेडिओवर व्हीला 'व्हिक्टर' म्हणतात आणि डब्ल्यूला 'विस्की'. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', कारण खरखरीत अंकांची गल्लत व्हायला नको. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या इंग्रजी चाचणीत सहा पातळ्या असतात, चौथीच्या खाली चालत नाही. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजूंनी पारख होते. मला पाचवी पातळी मिळाली. परीक्षकांनी विचारलं, शिक्षण कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये? मी अभिमानाने आपल्या शाळेचं नाव सांगितलं, मराठी माध्यम म्हणून सांगितलं आणि बाईंचंही नाव सांगितलं.

राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. मुलं लवकर बोलायला लागली, हे चांगलंच आहे. पण माझ्या भाच्याला मराठी वाक्यातलं कर्म विचारलं तर तो गाइड उघडतो, आणि मराठी माध्यमाच्या तुकड्या ठिकठिकाणी कमी होताना बघून जीव तुटतो. बाईंसारखं दोन्ही भाषा शेजारी मांडून शिकवायला वेळ आणि मुभा आता किती शिक्षकांना मिळते, ठाऊक नाही.

बाईंनी स्वतः लिहून काढलेले व्याकरणाचे सायक्लोस्टाइल केलेले कागद आम्हाला आठवी ते दहावी मिळत होते. माझ्याकडे नववीचे तेवढे शिल्लक आहेत. ज्यांच्याकडे आठवी आणि दहावीचे असतील, त्यांनी कृपया शाळेच्या कार्यालयात आणून द्यावेत. झेरॉक्स काढून लगेच परत मिळतील. सगळे जमले की त्यांची पुस्तिका छापून पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला द्यायची आहे, छपाईचा खर्च माझ्याकडे.