१८० हर्ट्झचा पाठपुरावा : वायर बदलली, आकडा तोच

नवा मॉनिटर आल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. २७ इंची, १४४०पी (२५६० गुणिले १४४० पिक्सेल), आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेल, आणि खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत १८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८० वेळा नवं चित्र. ग्राफिक्स कार्ड जुनंच, एएमडीचं आरएक्स ६६००. हा १८० प्रत्यक्ष पडद्यावर यायला बराच घोळ झाला. एकच लक्षण दोन वेगळ्या कारणांनी दिसत होतं, आणि दुसरं कारण सहज सापडणारं नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

सुरुवात नेहमीची. विंडोजने मुकाट ६० लावून ठेवलं होतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन यादी उघडली तर सगळ्यात वरचा पर्याय १४४. खोक्यात फक्त एचडीएमआय केबल दिलेली, तीच लावली होती. कार्डाचा एचडीएमआय २.१ आहे, पण मॉनिटरचा २.०, आणि दोघांत जो खालचा त्याचंच चालतं. २.० ची क्षमता कागदावर १८ गिगाबिट प्रति सेकंद. एन्कोडिंगमध्ये, म्हणजे डेटा वायरीवर पाठवण्याजोगा बांधण्यात, त्यातला पाचवा हिस्सा जातो, हातात उरतात १४.४. आता २५६० गुणिले १४४० गुणिले १४४ गुणिले २४ बिट (तीन रंगांचे प्रत्येकी ८) केलं की १२.७ येतात, वर ब्लँकिंगची, म्हणजे दोन ओळी आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेची, भर पडून १४ च्या आसपास. म्हणजे १४४ जेमतेम मावतो. १८० ला नुसत्या पिक्सेलचेच १५.९ होतात, प्रश्नच मिटला. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतही बारीक टायपात एचडीएमआयसमोर १४४ च छापलंय. खोक्यावरचा मोठा आकडा डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीचा, आणि डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात नाही! हा प्रकार मला अजिबात पटलेला नाही. पाचसहाशे रुपयांची वायर वाचवायची आणि १८० चे पैसे घ्यायचे.

असो. डिस्प्लेपोर्टची पाच मीटर केबल घरात होती. पाच मीटर अशासाठी की आमच्या घणसोलीच्या घरात यूपीएसचा पॉइंट कपाटाच्या पलीकडे आहे, म्हणून कॅबिनेट (कॉम्प्युटरचा डबा) तिथे आणि टेबल खिडकीशी. वायर कपाटामागून वळसा घालून येते. तिच्या आवरणावर ‘८के’ असं ठळक छापलेलं. ती लावली, यादी उघडली. सगळ्यात वर १४४.

“ताई, खोक्यावरचा आकडाच खोटा आहे. परत कर,” धाकट्याने निकाल दिला. दुकानात फोन केला तर तिकडून, “मॅडम, १४४ पण चांगलंच असतं की.” चांगलंच असतं, पण मी १८० चे पैसे दिलेत.

पोर्ट बदलला, वायर बदलली, तरी आकडा हलत नाही म्हटल्यावर संशय पॅनेलवरच जातो. म्हणून आधी पॅनेलचीच परीक्षा घेतली. रिझोल्यूशन १०८०पी वर आणलं (कमी पिक्सेल, म्हणून वायरीवर कमी डेटा) आणि यादी पुन्हा उघडली, तर १८० हजर. निवडला, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही १८० दिसला. म्हणजे पॅनेलला १८० जमतं, अडचण वाटेत कुठेतरी आहे. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते, काही मॉडेल कारखान्यातूनच १.२ वर येतात. माझ्याकडे ती १.४ वरच होती.

मग एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्ये गेले. डिस्प्लेच्या तपशिलात ‘करंट लिंक सेटिंग्ज’ म्हणून एक ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तिथे लिहिलं होतं ५.४ गिगाबिट, चार लेन (वायरीतल्या डेटाच्या चार समांतर वाटा). चोर इथे सापडला. डिस्प्लेपोर्ट १.४ चा पूर्ण वेग दर लेनला ८.१ असतो. वायर जोडली की कार्ड आणि मॉनिटर आधी आपसात चाचणी घेतात, तिला लिंक ट्रेनिंग म्हणतात. ८.१ वर सिग्नल स्वच्छ पोचला नाही तर ५.४ वर उतरतात, तोही नाही जमला तर २.७, मग १.६२. फोनवर खरखर असली की आपण सावकाश बोलायला लागतो, तसंच. यात कुठेही एरर येत नाही. पडदा छान चालू राहतो, फक्त यादीतले वरचे पर्याय गुपचूप गळतात.

५.४ च्या चार लेन म्हणजे २१.६, त्यातले वापरायला १७.२८. १४४०पी आणि १८० हर्ट्झला ८ बिट रंगातसुद्धा ब्लँकिंग धरून साडेसतरा ते अठरा लागतात. थोडक्यात हुकलं. १६५ मावला असता, पण या मॉनिटरच्या ईडीआयडीत, म्हणजे तो कार्डाला जी स्वतःची ओळख सांगतो तिच्यात, १४४ आणि १८० च्या मधे काहीच नाही. त्यामुळे एचडीएमआयवर १४.४ ची मर्यादा असताना १४४, आणि डिस्प्लेपोर्टवर १७.२८ ची असताना पण १४४. दोन्हीकडची कमाल मर्यादा वेगळी, यादीत दिसणारा आकडा मात्र एकच. मधे एखादा १६५ असता तर ही वायर पहिलीपेक्षा बरी पण अपुरी आहे हे लगेच कळलं असतं.

आवरणावरच्या ‘८के’ ला काही अर्थ नाही, कुणीही छापतं. डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेची डीपी८के प्रमाणित केबल ही वेगळी गोष्ट, ती ८.१ चा वेग तपासून मिळते. आणि साध्या तांब्याच्या वायरीत त्या वेगाला दोनेक मीटरच्या पुढे मी तरी भरवसा ठेवणार नाही.

वाशीला सेक्टर १७ मधून दीड मीटरची प्रमाणित केबल आणली. (घणसोलीहून निघताना पनवेल लोकलमध्ये बसू नका, ती तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते.) कॅबिनेट ओढून टेबलाशेजारी स्टुलावर ठेवलं, यूपीएसला एक्स्टेन्शन लावलं. लिंक ८.१ गुणिले चार, यादीत १८०. रंग १० बिट केले तरी १८० टिकला. तिथे बावीस-तेवीस लागतात आणि हातात २५.९२ आहेत, म्हणजे जागा आहे.

यादीत दिसला म्हणजे पडद्यावर आला असं धरून चालू नका. काही मॉनिटर सिग्नल १८० चा घेतात आणि मधल्या फ्रेम गाळतात. टेस्टयूएफओ या वेबसाइटवर फ्रेम स्किपिंगची चाचणी आहे : चौकोनांची जाळी दिसते आणि दर रिफ्रेशला पुढचा चौकोन उजळतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० वर ठेवून फोटो काढला की १८ च्या आसपास चौकोन सलग उजळलेले दिसायला हवेत. मधे काळं भोक दिसलं की फ्रेम गळतेय. माझ्याकडे ओळ सलग आली.

आता फरक जाणवतो का? ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९, १८० ला ५.६. पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत दीडसुद्धा नाही. धाकट्याला माझ्यामागे उभं करून मी डोळे मिटायचे, त्याने सेटिंग बदलायचं, मी माउस हलवून ओळखायचं असा खेळ केला. ६० दर वेळी ओळखला. १४४ आणि १८० मधे मी सरळ अंदाज मारत होते. व्हॅलोरंट या गेममध्ये कार्ड १८० च्या वर फ्रेम देतं, तिथे निदान उपयोग तरी आहे. मोठ्या गेममध्ये १४४०पी वर हे कार्ड साठ-सत्तरीत असतं, तिथे फ्रीसिंक (पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) हेच कामाला येतं.

स्टुलावरचं कॅबिनेट आईला अर्थातच मंजूर नाही. ऑप्टिकल डिस्प्लेपोर्ट केबल पाच मीटरला ८.१ आरामात नेते, पण किंमत बघून पान बंद केलं. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून यूपीएसची लाइन केसिंग पट्टीतून टेबलापर्यंत आणणं स्वस्त पडतंय. तो रविवारी येतो म्हणालाय. कॅबिनेट खिडकीशी आलं की दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडणार, तेव्हा पुढच्या नोंदीत कार्डाचं तापमान.