चाळणी मी आणलीच नव्हती

शिंपल्यांची मापं घ्यायचा व्हर्नियर पाण्यात पडला नसता तर मला हे कळलंच नसतं. आणि खरं सांगते, नंतर दोन-तीन रात्री असंही वाटून गेलं की नसता पडला तर बरं झालं असतं.

माझं काम म्हणजे गोड्या पाण्यातले शिंपले शोधायचे, मोजायचे आणि वेळ आली तर उचलून दुसरीकडे नेऊन लावायचे. शिंपले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न मोती निघतात का हाच, त्यामुळे नदीचं नाव आणि शिंपल्याची जात दोन्ही इथे लिहीत नाहीये. उगाच घाबरते असं वाटेल, पण स्कॉटलंडमध्ये मोत्याच्या शिंपल्याला १९९८ पासून पूर्ण संरक्षण आहे, तरी मोत्याच्या आशेने चोरून फोडणारे आहेतच, आणि तो शिंपला शंभर वर्षांच्या वर जगणारा.

तर झालं असं होतं की पुलाच्या एका खांबाचा पाया नदीने पोखरला होता. दुरुस्तीसाठी खांबाभोवती तात्पुरता बांध घालून आतलं पाणी उपसायचं होतं, म्हणजे आतला तळ कोरडा पडणार. परवानगीत अट होती की आधी शिंपल्यांचा सर्वे करा आणि असतील तर हलवा. सर्वे आदल्या वर्षी मीच केला होता. दोन माणसं, दोन दिवस, तळाला काच लावलेली बादली पाण्यावर टेकवून बघत बघत जायचं आणि जिथे पाणी गढूळ असेल तिथे हाताने चाचपायचं.

हे बघणं वाटतं तितकं सोपं नाही हं. अख्खा शिंपला वाळूत-गोट्यात रुतलेला असतो, वर दिसतात फक्त दोन फटी, एकीतून पाणी आत घेतो आणि दुसरीतून बाहेर सोडतो. आत घ्यायच्या फटीला बारीक झालर असते. सावली पडली की फटी मिटतात आणि मग तुमच्यासमोर नुसता दगड. ती नजर बसायला मला दोन सीझन लागले, आणि आता चालत्या पाण्यात दहा फुटांवरून ओळखते असं म्हटलं तर ती बढाई नाही. तीच नजर नडली.

त्या सर्वेत जे मिळाले ते सगळे म्हातारे. सगळ्यात लहान ७४ मिलिमीटरचा, बाकी त्याहून मोठे, चोचीकडचा, म्हणजे बिजागरीजवळच्या फुगीर टोकाचा भाग झिजून पांढरा पडलेला, वयाच्या रेघा मोजाव्यात तर वरच्या पुसल्या गेलेल्या. पिल्लू एकही नाही. खाली थोड्या अंतरावर जुना बंधारा आहे आणि ज्या माशावर या जातीची पिल्लं वाढतात तो मासा बंधारा चढून वर येत नाही अशी माझी पक्की समजूत होती. शिंपल्याची मादी लाखोंनी अळ्या सोडते, ग्लोकिडिया म्हणतात त्यांना, त्या ठराविक माशाच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटल्या तर जगतात, नाहीतर काही दिवसांत मरतात. मासा नाही म्हणजे पिल्लं नाहीत, संपलं.

या धंद्यात आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर केओकक इथे १९१३ मध्ये धरण झालं. तिथल्या एबनीशेल नावाच्या शिंपल्याची पिल्लं स्किपजॅक हेरिंग या माशावर वाढायची, तो मासा धरणामुळे वर जाईना. धरणाच्या वरच्या बाजूचे शिंपले काही लगेच मेले नाहीत. जिवंत होते, पाणी गाळत होते, दरवर्षी अळ्या सोडत होते, आणि कित्येक दशकं एक पिल्लू जगलं नाही. मोजायला गेलात तर आकडा चांगला दिसतो, पण सगळी म्हातारी. हे एकदा वाचलं की प्रत्येक बंधाऱ्याच्या वर तुम्हाला केओककच दिसायला लागतं. मलाही दिसलं. रिपोर्टमध्ये लिहिलं की इथली वस्ती प्रजननक्षम नाही, मोठे शिंपले हलवले की नुकसान भरून निघेल.

स्थलांतराच्या दिवशी आम्ही पाच जण होतो. तापमान बघून सुरुवात केली, सावलीत ओली गोणपाटं अंथरली, एकेक उचलायचा, घासायचा, कोरडा करायचा, नंबरचं टॅग डकवायचं, काहींना चिप बसवायची (ती दाताच्या डॉक्टरांकडच्या सिमेंटने बसवतात, त्याच्यासारखं पाण्यात काही धरत नाही), मापं घ्यायची आणि परत पाण्यात. हवेत जितका कमी वेळ तितकं चांगलं. नवीन जागी लावताना पायाची बाजू खाली, फटींची बाजू वर, हाताने एकेक रोवायचा. हे सांगायचं कारण, एका ठिकाणी मी मंडळींना बादलीभर शिंपले काठावरून फोटो काढत काढत नदीत ओतताना पाहिलंय. टाळ्या पण वाजवल्या. उलटा पडलेला शिंपला सरळ होतो म्हणे. होतो, पण त्यात त्याची ताकद जाते आणि प्रवाहात तो आधी कुठवर गडगडत गेला ते कोण बघतंय.

दुपारी साडेतीनला आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराच्या हातून व्हर्नियर निसटला. पाणी गुडघाभर पण सगळ्यांनी तुडवून गढूळ केलेलं. महागाचं हत्यार, पोरगं घाबरलं, मी पण दोन शब्द बोलले जे बोलायला नको होते. तो शिंपले ठेवायची जाळीची पिशवी घेऊन खाली बसला आणि ओंजळी-ओंजळीने गोटे आणि वाळू पिशवीत भरून पाण्यात हलवायला लागला. मी पाठ फिरवून लिहीत होते. पाचेक मिनिटांनी म्हणाला, मॅडम, हे पण शिंपलेच का?

मी न बघता म्हटलं, कॉर्बिक्युला असेल, टाकून दे. कॉर्बिक्युला म्हणजे एक बारीक शिंपली, सगळीकडे पसरलेली, तळ उकरला की ती निघतेच. पोरगं चिवट. म्हणालं, पण मॅडम, हा लांबट आहे.

हातात घेतला. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. कॉर्बिक्युला तिकोनी असते आणि तिच्यावर एकसारख्या जाड वळ्या असतात. हा लांबट, पिवळसर हिरवा, इतका पातळ की उन्हाकडे धरला तर आतून उजेड दिसत होता. चोचीपाशी नागमोडी बारीक रेघा, इंग्रजी डब्ल्यूसारख्या. मोठ्या शिंपल्यांत त्या रेघा झिजून गेलेल्या असतात, पुस्तकात बघितल्या होत्या, पण या जातीच्या जिवंत शिंपल्यावर मी पहिल्यांदा बघत होते. दोन काळपट वलयं, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांचं पिल्लू. पिशवीत तसे चार होते.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, खरा त्रास तोच आहे. माशावरून सुटलेलं पिल्लू पहिली काही वर्षं गोट्यांच्या फटीत खोल पुरलेलं असतं, वरून दिसतच नाही. म्हणून तर चौकट टाकून आतला तळ वीतभर खोल उकरायचा आणि चाळणीतून काढायचा अशी पद्धत आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे स्वतः शिकवते. पण चाळायला वेळ लागतो, एक चौकट नीट काढायला आम्हाला वीस मिनिटं लागतात, आणि दोन दिवसांच्या सर्वेत चाळणी काढली असती तर अर्धी जागा बघायची राहिली असती. म्हातारे शिंपले बघून मी ठरवून टाकलं होतं की खाली काही नसणार. चाळणी गाडीतसुद्धा नव्हती.

साइट इंजिनिअरकडे गेले. हा माणूस वाईट नव्हता, उलट त्याने आमच्या माणसांसाठी सावलीला शेड घालून दिली होती.

"साहेब, मला दोन दिवस हवेत."

"मॅडम, क्रेन उद्या येतेय." मग त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून माझाच रिपोर्ट काढला. "पान सहा. हे तुम्हीच लिहिलंय ना?"

पान सहावर सारांश होता. मागे तक्त्यात मी लिहिलं होतं, ‘पिल्ले आढळली नाहीत’. सारांशात तेच वाक्य झालं होतं, ‘पिल्ले नाहीत’. एक शब्द गाळला गेला होता. टाइप करताना गाळला की सारांश सुटसुटीत करताना, आता आठवत नाही. त्याला मी काय सांगणार? उद्या सकाळी दहापर्यंत थांबतो म्हणाला, आणि थांबला.

मग काठावर वाळू चाळायला ठेवलेली बांधकामाची चाळणी मागून घेतली, तिची भोकं मोठी म्हणून आत आमची जाळी ताणून बांधली, आणि हेडलॅम्प लावून अकरा वाजेपर्यंत आणि परत पहाटेपासून उकरत बसलो. हाताने गोटे काढायचे, पाणी ओतायचं, हलवायचं, बोटांनी चाचपायचं. पाठीचे हाल झाले. ३१ चौकटी झाल्या, एकेक पाव चौरस मीटरची. त्यातून २२ पिल्लं निघाली, सगळ्यात लहान ८ मिलिमीटरचं, तेही माझ्या नाही, त्याच पोराच्या बोटांना लागलं. इतक्या लहानांना टॅग लावता येत नाही. बारीक गोट्यांच्या ट्रेमध्ये घालून वर नेली आणि ट्रेसकट तळात बसवली.

बांधाच्या आत जाणारी जागा साधारण ४०० चौरस मीटर. हिशोब कोणीही करू शकतं, पावणेआठ चौरस मीटरला २२ तर चारशेला किती. अकराशेच्या वर येतात. हा आकडा मी कुठेही लिहिला नाही कारण आमच्या चौकटी रँडम नव्हत्या, जिथे मिळत होती तिथेच आम्ही उकरत गेलो, तेव्हा आकडा फुगलेलाच असणार. अर्धा धरा. पाव धरा. तरी जी राहिली ती २२ पेक्षा किती जास्त हे कळायला रँडम लागत नाही. दहा वाजता क्रेन आली.

ती तिथे कशी आली असतील यावर मी अजून विचार करते. वलयांचा हिशोब धरला तर त्यांचा जन्म मोठ्या पुराच्या आसपासचा, बंधारा पाण्याखाली गेला होता तेव्हाचा. तेव्हा मासे वर चढले असतील. आणि जगली ती बहुतेक खांबामुळेच, कारण खांबाला आपटून पाणी वळतं तिथे गाळ साचत नाही, गोट्यांच्या फटी मोकळ्या राहतात. बाकी नदीभर बारीक गाळाने त्या फटी बुजल्यात, पिल्लं तिथे गुदमरून मरतात. म्हणजे ज्या पोखरण्यामुळे पूल दुरुस्तीला काढला त्याच पोखरण्यामुळे पिल्लांना जागा मिळाली होती. हा माझा अंदाज, पुरावा नाही. आणि आता तिथे पाया वाचवायला मोठे दगड रचलेत, तपासायलाही काही उरलं नाही.

मोठे शिंपले बरे आहेत. वर्षभराने चिप रीडर फिरवला तर बहुतेक सापडले. ट्रेमधल्या पिल्लांपैकी नऊ मिळाली, आणि तीन रिकामे शिंपले. उरलेली ट्रेबाहेर सरकली की मेली, सांगता येत नाही. ‘आढळली नाहीत’ असं लिहिलं, दोनदा वाचून पाठवलं.

रिपोर्टची दुरुस्ती पण मी स्वतःहून पाठवली होती, चार पानी, फोटोसकट. वरून एका ओळीचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मी बोलणी खायच्या तयारीत बसले होते. कोणी काहीच बोललं नाही. त्याचा जास्त राग आला.

पोरगं आता स्वतःची चाळणी घेऊन फिरतं. व्हर्नियर काही सापडला नाही, तो बांधाच्या आतच राहिला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका पुलाचा सर्वे आहे. चाळणीसाठी चार दिवस जास्त मागितले होते, सोबत त्या पहिल्या चार पिल्लांचा माझ्या तळहातावरचा फोटो जोडला होता. फोन आला, मॅडम, इथे पण म्हातारेच आहेत ना, मग कशाला? एक दिवस मंजूर झालाय.