विसर्ग की कोलन? माझा अनुभव

मराठी शब्दयादी साफ करण्यासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहीत होते. यादीत 'दुःख' दोनदा येत होतं, एकदा विसर्गाने आणि एकदा कोलनने. टाइप करताना बरेच जण विसर्गाऐवजी कोलनच दाबतात. म्हणून शब्दाच्या मध्ये कोलन दिसला की त्याचा विसर्ग करायचा, अशी ओळ लिहिली. टेस्ट लिहिली, ती पासही झाली. यादीत मात्र 'दुःख' अजून दोनदाच.

तीन दिवस मी भलतीकडेच शोधत राहिले. फाइलचं एन्कोडिंग तपासलं, एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं, तेही लावून पाहिलं. (त्याने काही होणारच नव्हतं. एनएफसीच्या लेखी कोलन आणि विसर्ग यांचं काहीच नातं नाही.) शेवटी त्या ओळीतल्या दोन्ही चिन्हांचे कोड छापले. दोन्हीकडे ००३ए, म्हणजे कोलनचाच कोड! विसर्गाच्या जागीही मी कोलनच टाइप केला होता. टेस्टमधल्या अपेक्षित उत्तरातही तोच, म्हणून ती पास. एडिटरच्या फॉन्टमध्ये दोन्ही म्हणजे एकावर एक दोन ठिपके.

खरा विसर्ग टाइप करून काम भागलं असतं, पण पुढे ती ओळ वाचणाऱ्याला फरक कसा दिसणार? आधी एस्केप वापरला, म्हणजे चिन्हाऐवजी त्याचा कोड लिहिला: बॅकस्लॅश, यू, ०९०३. कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने लगेच विचारलं, "हे ०९०३ म्हणजे काय?" रास्त प्रश्न होता. मग बॅकस्लॅश एन आणि महिरपी कंसात अक्षराचं अधिकृत नाव लिहिलं, 'देवनागरी साइन विसर्ग'. कोलनही तसाच नावाने. नाव लिहिताना चूक झाली तर पायथन फाइल चालवायलाच नकार देतं, आणि मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

'सुऱ्या'मधल्या 'ऱ्य'चंही तेच. तो थेट 'ऱ' वापरून लिहिता येतो, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि 'झीरो विड्थ जॉइनर' लावून. हा जॉइनर तर डोळ्यांना दिसतच नाही, आणि एनएफसी हे दोन प्रकार एक करत नाही. तिथेही नावच लिहिलं.

बाकीचं मराठी मी जसंच्या तसं ठेवलं. सगळंच एस्केप केलं तर कोड वाचणार कोण?

शब्दाच्या शेवटचा कोलन अजून नियमात बसत नाही. 'टीप:'मध्ये तो बरोबर, 'स्वतः'मध्ये चूक. त्यासाठी 'स्वतः', 'अंशतः', 'विशेषतः' अशी वेगळी यादी केली आहे, आणि तिच्यातला प्रत्येक विसर्ग नावाने लिहिला आहे.