भांड्यातलं चार लिटर पाणी गेलं कुठे?

बाहेर उणे १५, आत स्वयंपाकघराला घाम. शिकागोतल्या आमच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये आज पिल्सनर बिअरचा घाट घातला होता. १४ लिटर मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) काढा, दीड तास खळाखळा उकळायचा, उरायला हवा १० लिटर. मधले चार लिटर जाणार कुठे, हा विचारच केला नव्हता. एक लिटर पाण्याची १०० अंशांना जवळजवळ १,७०० लिटर वाफ होते. करा हिशोब!

अर्ध्या तासात काचांवरून धारा, कपाटाखाली थेंब, वर छताचा रंग फुगलेला. चिमणीचा पंखा फुल्ल सोडला, मग कळलं की ती हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून पुन्हा आपल्याच तोंडावर मारते. (तीन वर्षं हिच्याखाली फोडण्या देतोय आम्ही.)

झाकण ठेवायचा मोह झाला, पण या मॉल्टमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचं वासाचं रसायन निघतं, ते वाफेबरोबर उडून जायलाच हवं. झाकणावरचे थेंब परत आत पडले की बिअरला उकडलेल्या कणसाचा वास.

शेवटी खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून बसवला, उरलेली फट पुठ्ठ्याने बंद केली, हवा आत यायला पलीकडच्या खोलीची खिडकी बोटभर उघडली. आचही कमी केली, नुसतं हलतं उकळणं पुरतं. दहा मिनिटांत काचा दिसायला लागल्या.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "एवढी वाफ? मोदक करतोयस की काय?"

हो म्हणालो.